पहिल्या वर्षाचा विषय

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२७ मे २००८

चि. मोनालीस आशीर्वाद.

तुझं पत्र मला बर्फाच्या चार लाद्यांना पडलं. बुधाजी ड्रायव्हर म्हणतो, "पोरगी म्हणली दोनच वळी ऱ्हायल्यात, म्हणून थांबलो." त्या दोन ओळी होईपर्यंत गाडी करंजाच्या बंदरावर उन्हात उभी. वरून ताडपत्री, खाली भुसा, पण मे महिना कोणाचं ऐकतो? चार लाद्या पाणी होऊन खाडीला मिळाल्या. शिवाय बुधाजीनं तुमच्याकडे चहा घेतला आणि खारी खाल्ली, ते तुमच्या खात्यावर.

पोस्टानं पाठवलं असतंस तर पत्र आधी सगळ्या आळीच्या हातातून फिरलं असतं. आणि फोन तुझ्या बापाच्या खाटेपाशी, तेव्हा तोंडानं काही बोलायची सोय नाही. मग ही गाडीची वाट बरी. फक्त पुढच्या वेळी पत्र आदल्या दिवशी लिहून ठेव.

आता मुद्दा. बारावीचा निकाल लागायचाय आणि तुला बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचंय. पनवेलच्या कॉलेजात तो विषय नाही, वाशीकडे आहे, म्हणून आमच्याकडे राहायचंय. राहायला ना नाही. वेणूकाकीनं पत्र वाचायच्या आधीच आतली खोली रिकामी केली. मला फक्त एक सांग, तीन वर्षं फी भरून तू शिकणार काय? लिलावात माणूस "बघू" म्हणतो, त्यातला हो कुठला आणि नाही कुठला, हे मला पाठ फिरवूनही कळतं. फोनवर गिऱ्हाईक "हॅलो" म्हणालं की याचे पैसे येणार की बुडणार ते मी काकीला सांगतो. विचार तिला, कधी चुकलंय का. हातगाडीवर बर्फ ढकलत होतो तेव्हापासून हे एकच भांडवल आहे माझं. दोन गाड्या झाल्या त्या डोक्यानं नाही, या कानांनी.

तेव्हा मानसशास्त्र हवं असेल तर माझ्या ऑफिसात येऊन बस. फी नाही, चहा फुकट.

तुझा,
दयारामकाका


करंजा
२९ मे

ती. काकांस सा. न.

हे पत्र मी आदल्या दिवशीच लिहिलंय. तुमच्या लाद्या वाचल्या.

तुम्ही चेष्टा केलीत ते ठीक आहे. आळीत त्याहून जास्त करतात. भीमाबाई म्हणते, "गंगे, तुजी पोर येड्यांची डाक्टरीण व्हनार हाय म्हनं. मंग गिऱ्हाईक आपल्या आळीतच गावल." आई हसते. मी पण हसते.

पण मी ठरवलंय ते नीट ऐका. पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, त्यात मानसशास्त्र पाहिजेच. मग दुसरं वर्ष, आणि तिसऱ्या वर्षी सगळे पेपर त्याचेच. बी.ए. झालं म्हणजे लगेच कोणी काही होत नाही, पुढे एम.ए. करावं लागतं. म्हणजे पाच वर्षं. मला घाई नाही. फक्त पहिल्या वर्षी विषय घेतला नाही तर तिसऱ्या वर्षी मिळत नाही. म्हणून "आधी इथे घे, मग बघू" असं म्हणू नका. उरणच्या ज्युनियर कॉलेजातल्या मॅडमनी हे दोनदा बजावलंय.

का घ्यायचाय ते गेल्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण बुधाजीकाका हॉर्न वाजवत होते. दादांसाठी. त्यांचाच पोरगा, आपला भावेश, बोटीवरून पडून गेला तेव्हा सुकाणू दादांच्या हातात होतं. त्याला वर्ष झालं. त्यांनी बोटीवर पाय ठेवला नाही हे सगळ्यांना दिसतं. बाकीचं कोणाला दिसत नाही, आणि मला दिसतं पण त्याला काय म्हणतात ते माहीत नाही.

दादांना हे सांगू नका. त्यांना सांगा की मास्तरीण व्हायचंय.

मोनाली


खांदा कॉलनी
५ जून

चि. मोनाली,

तुझ्या निकालाचे पेढे काकीनं कॉलनीत वाटले. जोशीबाईंनी विचारलं, "पुढे काय?" काकी म्हणाली, "सायकॉलॉजी." इतक्या ठसक्यात म्हणाली की मीच दचकलो.

आता तुझ्या बापाचं. पोरी, दीना माझा मावसभाऊ, पण सख्ख्यापेक्षा जवळचा. लहानपणी एका पातेल्यातली पेज ओरपली आहे आम्ही. त्याला काय होतंय ते मला कळणार नाही? भावेश गेला तेव्हा चार महिने फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा. तो दीना मला माहीत आहे. आताचा तो नाही. परवा मला म्हणतो, "दया, तुज्या बर्फात पानी जास्त झालाय, म्हावरा पोव्हाय लागला." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा माणूस आजारी असतो?

पोरगा गेल्याचं दुःख जात नाही. ते राहणारच. पण गडी आता वर आलाय. तू घरात चोवीस तास त्याचं तोंड बघतेस, म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं. शिकायचं तर स्वतःसाठी शीक. बापाला दुरुस्त करायला डिग्री घेऊ नकोस.

दयारामकाका


करंजा
१२ जून

ती. काकांस सा. न.

तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. पण राग नाही.

तुमचा फोन आला की दादा काय करतात ते तुम्हाला माहीत नाही. खाटेवरून उठतात. खुंटीवरचा सदरा घालतात. बटणं लावतात. मग रिसीव्हर उचलतात आणि तुमच्याशी उभे राहून बोलतात. ते बर्फाचं बोलले तेव्हा मी तिथेच होते, मला पण हसू आलं. मग फोन ठेवला, सदरा काढला, परत खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आईनं जेवायला हाक मारली तर "नको" एवढंसुद्धा बोलले नाहीत. तुम्ही ऐकता तो सदऱ्यातला माणूस आहे. तो आमच्या घरात राहत नाही.

दुसरं. दरवर्षी बोटी शाकारल्या, म्हणजे वर ओढून झाकून ठेवल्या, की आमच्या घरात जाळी पसरतात. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठेपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. तुटलेल्या गाठी मारायला मला पण बसवतात. यंदा दादांनी सगळी जाळी चुलत्याच्या परेशला देऊन टाकली. आई म्हणते, "बरा झाला, केर काढाया जागा झाली." आळीत म्हणतात, बोट हाकणारा तांडेल थकला, आता पोरं बघतील. पण आमच्यात जाळी दुसऱ्याला द्यायची तर नारळी पुनवेला देतात, नारळ फोडून, चार माणसं बोलावून. आजोबांनी दादांना तशीच दिली होती. दादांनी जूनमध्ये, न सांगता, परेशच्या पडवीत नेऊन टाकली. परेश घरी पण नव्हता.

मॅडमनी मला एका पुस्तकाची काही पानं झेरॉक्स करून दिलीत. त्यात अशा वागण्याबद्दल लिहिलंय असं वाटतं. पण इंग्रजीत आहे, मला अर्धंच लागलं. म्हणून म्हणते, शिकायला पाहिजे.

मोनाली


खांदा कॉलनी
२१ जून

चि. मोनाली,

काम झालं.

काल दीनाशी बोललो. मास्तरीण वगैरे काही सांगितलं नाही, खोटं माझ्या गळ्यातून नीट निघत नाही. सरळ म्हटलं, पोरीला मानसशास्त्र शिकायचंय, वाशीला, राहील आमच्याकडे. मला वाटलं होतं तास जाईल. चार मुद्दे कागदावर काढून बसलो होतो. पहिलाच मुद्दा अर्धा झाला आणि तो म्हणाला, "ने. आजच ने. हितं काय ठेवलाय तिच्यासाठी?" वर म्हणतो, "तुज्या घरात हाय म्हनल्यावर मला घोर नाय."

मोने, त्या "घोर नाय"मध्ये काय होतं ते तुला कागदावर कळणार नाही. वर्षभराचं ओझं उतरलेल्या माणसाचा आवाज होता तो. हलका. स्वच्छ. असा आवाज खोटा काढता येत नाही, निदान माझ्यासमोर नाही. तुझ्या सदऱ्याचं मी वाचलं, विचार केला. पण माणूस सदरा घालतो म्हणजे त्याला उठावंसं वाटतं, असं नाही का? आणि जाळी दिली ते तर मला शहाणपणच वाटतं. पन्नाशीनंतर समुद्राशी कुस्ती कशाला?

सोमवारी रिकामी गाडी परत येते, तिच्यात ये. मंगळवारी फॉर्मच्या रांगेत उभं राहायचंय. गंगावहिनींना सांग, सुकी करंदी दे, काकीनं मागितली आहे.

तुझ्या बापाला मी पटवलं, हे विसरू नकोस. पहिल्या पगारातून मला एक पेन.

दयारामकाका


करंजा
२२ जून

काका,

हे पत्र बुधाजीकाकांना घरी जाऊन दिलंय.

मला आनंद झाला पाहिजे, आणि झालाय. पण तुम्ही म्हणता दादा एका फटक्यात हो म्हणाले. दादा कोलंबी विकताना पण एका फटक्यात हो म्हणत नाहीत. काल त्यांनी माझी पिशवी स्वतः भरली. माझे कपडे घातले, आणि भावेशचं घड्याळ घातलं. मी म्हटलं, "दादा, ह्ये तुमी ठेवा." म्हणाले, "माज्याकडं बंद पडल." मग आईला म्हणाले, बोट विकायची तर परेशला विक, बाहेर देऊ नको. आई म्हणाली, "आज काय लई बोलताव?" आणि आईला बरं वाटलं. किती दिवसांनी ते तिच्याशी बोलले.

मला बरं वाटत नाही.

तुम्ही मला न्यायला स्वतः या ना. फोन करू नका, या. सदरा घालायच्या आधी या, अचानक. त्यांच्यासमोर बसा. तुमच्यासमोर बसून ते खोटं हसतात का ते बघा. मग मी तुमचं ऐकेन आणि गप्प बसेन.

मोनाली


खांदा कॉलनी
२३ जून, सकाळी

चि. मोनाली,

आज मला यायला जमत नाही. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर बसला आहे आणि मिस्त्री भिवंडीहून येतोय. तू गाडीत बस. तुझा फॉर्म भरून झाला की रविवारी आपण दोघं मिळून करंजाला जाऊ, मटण घेऊन. दीनासमोर बसतो, तू म्हणशील तितका वेळ. शब्द देतो.

पिशवीत छत्री टाक.

दयारामकाका


खांदा कॉलनी
२६ जुलै

चि. मोनाली,

महिना झाला. तुला लिहायला बसतो आणि बर्फाची बिलं करतो.

त्या बुधवारी सकाळी तुला गाडीतून करंजाला परत घेऊन येत होतो. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. बंदराशी आलो तेव्हा सगळे जमले होते, आणि कोणीतरी सांगितलं, जेट्टीवर दीनाचा पाय घसरला. मी तेच पुढे सांगितलं. पोलिसांनाही तेच, कॉलनीतही तेच. गंगावहिनींसाठी तेच बरं आहे असं मला वाटतं.

तुझा फॉर्म मंगळवारी भरलेला. यादीत नाव लागलं होतं. फी भरायची तारीख गेली. मी कॉलेजात जाऊन खिडकीवर बोललो, पण जागा दुसऱ्याला गेली. मंगळवारी घेतलेली तुझी चप्पल इथेच आहे, खोक्यात. काकी ती खोली झाडते आणि दार ओढून घेते.

काहीतरी लिही. बुधाजी थांबेल. लाद्या वितळल्या तर वितळू देत.

दयारामकाका


करंजा
९ ऑगस्ट

ती. काकांस सा. न.

मी बरी आहे. आईबरोबर पाटी घेऊन उरणच्या बाजारात बसते. आईला डोळ्यांनी कमी दिसतं, सुट्टे पैसे मी बघते. भीमाबाई शेजारी बसते. आता ती डॉक्टरीण म्हणत नाही. बोंबील वाटून घेते, आणि माझा वाटा मोठा करते.

पाय घसरला असं सगळे म्हणतात. मी पण म्हणते. तीस वर्षं तांडेल असलेल्या माणसाचा पाय, बांधलेल्या जेट्टीवर, ओहोटीला. आईला खरं वाटतं का मला माहीत नाही. आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाही.

झेरॉक्सची पानं मी डिक्शनरी घेऊन वाचून काढली. सगळी लागली आता. जाळी, घड्याळ, बोट, आईशी बोलणं, मला पनवेलला पाठवणं. सगळं ओळीनं लिहिलंय त्यात. मी शिकायला जावं म्हणून त्यांनी हो म्हटलं नव्हतं. घर रिकामं करत होते, त्यात मी पण एक होते.

माझा विषय झाला. आता कॉलेज नको.

चप्पल काकींना बसत असेल तर त्यांनी वापरावी.

मोनाली


खांदा कॉलनी
२ जून २००९

चि. मोनाली,

तुझी चार ओळींची पत्रं येतात, बर्फ पोचला, पैसे मिळाले. माझ्या गिऱ्हाइकांची यापेक्षा लांब असतात.

आज वाशीला गेलो होतो. फॉर्म आणला आहे, सोबत पाठवतोय. पहिलं वर्ष, तीन विषय. रकाने मोकळे आहेत. मी काही पटवणार नाही. पटवायचं मी सोडलं आहे, गिऱ्हाइकांनाही एकच भाव सांगतो, घ्या नाहीतर जा. गंगावहिनींशी बोललो. त्या म्हणाल्या, "ती बाजारात बसते, पन मासळी इकत नाय. मानसांची तोंडा बगत बसते."

शेवटची तारीख वीस जून.

दयारामकाका


करंजा
११ जून

ती. काकांस सा. न.

फॉर्म मिळाला. आईनं देवापुढे ठेवलाय, म्हणून मला काढता येत नाही.

भरायचा की नाही हे मी तुमच्यावर ठेवते. तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. वर्षभर विचारली नाही, कारण तुम्ही समोर असलात की फार बोलता, आणि तुमचं बोलणं ऐकलं की मला बरं वाटतं. मला बरं वाटायला नको आहे. म्हणून कागदावर.

त्या मंगळवारी फॉर्म भरून आल्यावर मी आणि काकी चप्पल घ्यायला बाजारात गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्या बापाचा फोन होता, खुशीत आहे." ते दादांचं कोणाशीही झालेलं शेवटचं बोलणं. आईला जाग नव्हती ते बाहेर पडले तेव्हा.

"खुशीत आहे" हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणालात, की तुम्हाला तसंच वाटलं?

का विचारते ते सांगते. तुम्हाला आवाजात काही लागलं असेल आणि तुम्ही ते झाकलं असेल, तर मी फॉर्म भरणार नाही. कारण मग कळणाऱ्या माणसालाही कळून उपयोग नसतो, आणि मी पाच वर्षं कशाला घालवू? पण तुमच्यासारख्यालाही काही कळलं नसेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. मग ते नुसत्या कानांनी कळत नाही. मग ते शिकावं लागतं.

मला वाईट वाटेल म्हणून खोटं लिहू नका. तुम्हीच म्हणता खोटं तुमच्या गळ्यातून नीट निघत नाही.

मोनाली


खांदा कॉलनी
१४ जून

चि. मोनाली,

तू म्हणतेस तसं कागदावरच लिहितो. काकीला दाखवलेलं नाही.

साडेसहाच्या सुमारास फोन आला. मी नुकताच कारखान्यातून आलो होतो, हातपाय धुवायचे होते. दीना म्हणाला, "पोर पोचली का?" म्हटलं, पोचली, फॉर्म भरला, आता काकीबरोबर बाजारात गेली आहे, आल्यावर फोन करायला सांगतो. म्हणाला, "नको, नको. दमली असंल." मग कॉम्प्रेसरचं विचारलं. मी मिस्त्रीला चार शिव्या दिल्या, त्यानं दोन भर घातल्या. बंदी उठली की लादीचा भाव वाढवणार का, म्हणाला. म्हटलं, तुला जुनाच भाव. म्हणाला, "मंग बरा हाय." मग तुझी आई जेवायला काय करते आहे ते सांगितलं, वालाचं बिरडं. रविवारी आम्ही येतो म्हटल्यावर म्हणाला, "या की." मटणाचं सांगितलं तर म्हणाला, पनवेलचं मटण वातड असतं, कोंबडी आण. मी हसलो, तोही हसला. "ठेवतो," म्हणाला, आणि ठेवला.

मग मी हातपाय धुतले आणि टीव्ही लावला. तुम्ही दोघी आलात. तुला बरं वाटावं म्हणून मी काही म्हणालो नव्हतो.

वर्षभर तो फोन मी किती वेळा ऐकला असेन. गाडीत, कारखान्यात, जेवताना. कुठे अडखळला का, कुठे थांबला का, एखादा शब्द जास्त जड होता का. सापडलं असतं तर तुला सांगितलं असतं, तू मला काहीही म्हणाली असतीस तरी.

आवाज रोजच्यासारखाच होता.

दयारामकाका